दोन भाकऱ्यांएवढं स्वप्न

माझं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतलं. सासर भोरचं. कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर करत एस.टी.नं माहेरी जायला तसा फार वेळ लागत नाही. पण २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानं आई गेली आणि तेवढाही रस्ता मला करता आला नाही. आमच्या घरात सगळेच अंथरुणाला खिळलेले. आईचं शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

नंतर आई स्वप्नात यायला लागली. स्वप्न ठरलेलं. माहेरची जुनी चूल, आई पाठमोरी बसून भाकरी थापतेय आणि मी दारात उभी. तेवढ्यात मनात लख्ख उजेड पडायचा, 'अगंबाई, आई तर गेलीय! म्हणजे हे स्वप्न आहे!' मी "आई!" करून धावायची आणि... डोळे टक्क उघडे. वर पंखा गरगरतोय, शेजारी हे घोरतायत. असं किती वेळा झालं असेल! आई काही मागं वळून बघायची नाही.

दिवाळीत माझी भाची आली होती. पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळणं. लोक हे मुद्दाम शिकतात. तू धावतेस ना, म्हणून ते मोडतं."

मी याला माझ्यापुरतं 'जागं स्वप्न' असं नाव दिलं. भाचीनं पुस्तकं दिली, मी वाचत गेले. हा शब्द फ्रेडरिक व्हॅन एडन या डच डॉक्टर-लेखकानं १९१३ मध्ये आपल्या लेखातून रूढ केला. पण स्वप्नात माणूस जागा असतो, हे सिद्ध कसं करायचं? झोपेच्या ज्या टप्प्यात आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या टप्प्यात सगळं अंग लुळं पडलेलं असतं, फक्त डोळे पापण्यांआड हलत असतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच उपयोग केला. झोपणाऱ्याशी आधीच ठरवलं, की स्वप्न ओळखलंस की डोळे डावी-उजवीकडे हलव. आणि त्यानं झोपेतून खरंच तशी खूण केली! पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही हेच दाखवून दिलं. २०२१ मध्ये तर शास्त्रज्ञांनी झोपलेल्या माणसाला आठातून सहा गेले किती, असं विचारलं आणि त्यानं डोळे दोनदा हलवून बरोबर उत्तर दिलं.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या यांचा विचार आहे. संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला, आणि खुद्द तुकोबांनाही त्यांचे गुरू स्वप्नातच भेटले. स्वप्न म्हणजे नुसता झोपेतला गोंधळ, असं आपल्याकडं कधीच मानलं नाही.

हे सगळं वाचल्याचा आणखी एक फायदा झाला. आमच्या बचत गटातल्या एक मावशी म्हणायच्या, "ताई, पहाटं छातीवर कायतरी बसतंय. वराडावं म्हटलं तर आवाज फुटत नाय." अंगारे-धुपारे करून झाले होते. मी त्यांना सांगितलं, "मन आधी जागं होतं आणि अंगाचा लुळेपणा थोडा मागं राहतो. मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप सुटतो. कुणी बसत नाही." पुढच्या मीटिंगला त्या हसून म्हणाल्या, "बसलं व्हतं परत. म्हटलं, बस बाबा!"

आता माझी शिकवणी. पहिलं काम वहीचं. उशाशी वही-पेन ठेवायचं आणि जाग आल्याबरोबर, चहाच्या आधी, स्वप्न लिहायचं. दुसरं, दिवसभरात अधूनमधून स्वतःला खरोखर विचारायचं, 'मी आत्ता जागी आहे का?' एस.टी.ची पाटी एकदा वाचायची, मान फिरवून पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. किंवा आपले तळहात बघायचे. सकाळी उठून तळहातांचं दर्शन घ्यायची सवय आपल्याला असतेच, तीच इथं कामाला आली. ह्यांनी एकदा विचारलंच, "ज्योतिष शिकतेस की काय?"

तिसरं म्हणजे वेळ. साधारण दीड-दीड तासानं स्वप्नांचा टप्पा येतो आणि पहाटेकडं तो लांबत जातो. म्हणून पहाटे जाग आली, की 'आता स्वप्न पडलं, तर ते स्वप्न आहे हे मला आठवेल' असं मनाशी घोकत पुन्हा झोपायचं.

आणि सगळ्यात अवघड, स्वप्न टिकवणं. कळलं की हुरळायचं नाही, धावायचं नाही. आधी स्वप्नातलेच हात एकमेकांवर चोळायचे. हाताला स्पर्श लागला, की मन तिथंच गुंततं आणि अंथरुणातल्या अंगाची आठवण होत नाही. लाबर्ज यांना नुसतं बघत राहण्यापेक्षा हात चोळण्यानं किंवा स्वप्नातच स्वतःभोवती गिरकी घेण्यानं स्वप्न जास्त टिकतं, असं दिसून आलं. एकाच गोष्टीकडं टक लावायचं नाही. नजर फिरती ठेवायची, हाताला येईल ते चाचपायचं.

चार-पाच महिने काही जमलं नाही. मग श्रावणातल्या एका पहाटे तीच चूल, तीच पाठ. कळलं! छाती धडधडली, पण मी जागची हलले नाही. हात चोळले. खरंच ऊब लागली. खाली वाकून सारवलेल्या जमिनीला हात लावला, गार होती. काटवट बघितली, उलथणं बघितलं, चुलीतला आर बघितला. स्वप्न शाबूत! मग हळूच जाऊन शेजारी बसले आणि इतके दिवस मनात कुढत होते ते विचारलं, "आई, मी आले नाही म्हणून रागावलीस का गं?"

आईनं बघितलं माझ्याकडं. म्हणाली, "फुकणी दे आधी. भाकर करपंल."

मी फुकणी दिली. तिनं एक भाकरी शेकली, दुसरी तव्यावर टाकली. तेवढ्यात भिंती फिक्या व्हायला लागल्या. हात चोळले, गिरकी घेतली, पण जाग आलीच. दोन भाकऱ्यांएवढंच स्वप्न. स्वप्नातला वेळ साधारण जागेपणातल्या वेळाइतकाच चालतो म्हणतात. म्हणजे पाच मिनिटंही नसतील. पण उशी भिजली आणि मन हलकं झालं.

आई भेटली, असं मी म्हणणार नाही. ते उत्तर माझ्याच मनातलं होतं. आईला काही विचारलं, की ती असंच काम सांगायची, आणि हे माझ्या मनानं नीट जपून ठेवलं होतं.

पुढची चूकही सांगायला हवी. मला त्याची चटक लागली. रात्री आठलाच अंथरूण, पहाटे गजर लावून मुद्दाम झोपमोड. दिवसभर चिडचिड. एक दिवस लेक म्हणाली, "आई, तू आमच्याशी बोलतानाही हात चोळत असतेस. आम्ही स्वप्नातले आहोत का?" वर्मी बसलं. गजर बंद केला. आता आपसूक जाग आली तरच, एरवी नाही. मैत्रिणींनो, आधीच आपल्या बायकांची झोप अर्धी, ती आणखी मोडू नका. मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नका.

नंतर मी माहेरी जाऊन आले. आई गेल्यापासून तिथं जायचं मी टाळतच होते. गॅस आला असला, तरी मागच्या पडवीत चूल आहे. वहिनी भाकरी थापत होती. दारातच पाय अडखळला, सवयीनं तळहात बघितले. बोटं पाचच होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, उभ्या का? बसा की."

मी हात धुतले आणि काटवट पुढ्यात ओढली.