पडद्याच्या मागच्या बाजूनं : ‘दो गज ज़मीन के नीचे’ पुन्हा पाहताना

रामसे बंधूंचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो उलटा. म्हणजे पडद्याच्या मागच्या बाजूनं. परभणीच्या उरुसात आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, १९८० च्या आसपास. मी तिसरी-चौथीत असेन. पडद्याच्या पुढं पुरुष आणि मागं बायका-पोरं, अशी तिथली बैठक. कापडी पडद्यावरचं चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त आमच्याकडं उजव्याचं डावं व्हायचं. सुरुवातीच्या पाट्यांची अक्षरं आरशातल्यासारखी होती. वाचता येईनात म्हणून मला ती मंत्राची वाटली.

दोन वर्षांपूर्वी हाच सिनेमा संगणकावर तीनदा पाहिला. भीती वाटली नाही, ते वयावर सोडू. पण माझ्या आठवणीतला सिनेमा त्यात सापडेना. माझ्या आठवणीत रात्र लाल होती आणि मुडदा पुरण्याआधीच उठून चालत होता. शिवाय वडील शेवटपर्यंत सांगायचे की, पुरण्याच्या प्रसंगात अंधारातून दहा-वीस बायका एकदम हसतात, तसलं हसू पुन्हा कुठल्या सिनेमात ऐकलं नाही. ते हसूही मला सापडलं नाही.

हा सिनेमा घडला कसा, ते आधी पाहू. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, त्याचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं, लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं आणि पुढं चित्रपटनिर्मितीत पडलं. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ आपटला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक खुर्चीला खिळतात, हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग पूर्ण सिनेमाच तसा का नको?

मुलगे सात. कुमारनं लिहायचं, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचं, किरणनं आवाज सांभाळायचा, गंगूनं कॅमेरा. बाकीच्यांनीही कामं वाटून घेतली. शिक्षण म्हणाल तर जोसेफ मॅसेली या अमेरिकी छायालेखकाचं एक पुस्तक आणि काश्मीरच्या हाउसबोटीत बसून केलेला त्याचा अभ्यास. (स्वतः शिकलेल्या माणसांबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे, हे वाचकांनी गृहीत धरावं.) मग सगळं कुटुंब महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात उतरलं. घरच्या बायकांनी स्वयंपाक केला, घरच्यांनीच दिवे उचलले. रामसेंनी पुढं मुलाखतींत सांगितलेला हिशेब असा : चित्रीकरण चाळीसेक दिवसांत, खर्च साडेतीन लाखांच्या घरात. सुरेंद्र कुमार, शोभना, इम्तियाज खान अशी मंडळी घेतली. मोठा नट नाही, कारण पैसा नाही. प्रदर्शन १९७२ चं.

कथा थोडक्यात अशी. श्रीमंत नवऱ्याला बायको आणि तिचा प्रियकर मिळून संपवतात, पुरतात, आणि पुरलेला परत येतो. शेवट सांगत नाही. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ (१९६४) या सिनेमांतली भीती पांढऱ्या साडीची, धुक्याची, दुरून येणाऱ्या गाण्याची होती. रामसेंनी तिला अंग दिलं : माती लागलेलं, सडलेलं. अमेरिकेत जॉर्ज रोमेरोनं १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये तेच केलं होतं, तेही तुटपुंज्या पैशात. सजावटीला पैसा नसला की अंधार आणि चेहरा, दोनच गोष्टी उरतात. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी या सिनेमांकडं नाक मुरडलं, पण त्यांचा गल्ला आमच्यासारख्या गावांतून यायचा.

आता माझ्या लाल रात्रीकडं येतो. त्या काळातल्या ईस्टमनकलर प्रती जुन्या झाल्या की त्यांतला निळसरपणा आधी उडतो आणि चित्र तांबूस होत जातं. तंबूपर्यंत पोचायची ती प्रत शहरं, तालुके फिरून झिजलेली असायची. मुडदा आधी उठण्याचं कारणही साधंच असावं. २,००० फुटांचं रीळ सुमारे २२ मिनिटं चालतं आणि तंबूत यंत्र एकच. दर रिळाला अंधारात थांबायचं, डब्यातून पुढचं रीळ चढवायचं. एखाद्या रात्री डबा चुकला, तर मेलेला माणूस आधी चालायचा आणि मग मरायचा. कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. भुताच्या सिनेमात असंच असतं, अशी आमची समजूत होती. त्याला आज अभ्यासक अतिवास्तव म्हणतील. रामसेंनी केला त्यापेक्षा विचित्र सिनेमा आम्ही पाहिला, आणि तो कुठल्याही प्रतीत शिल्लक नाही.

राहिलं बायकांचं हसू. ते मी ध्वनिपट्टीत शोधत होतो, कान लावून, तीन-तीनदा मागं नेऊन. शेवटी आईला विचारलं. आईचं वय आता ऐंशीच्या पुढं. ज्या साली महाबळेश्वरला हा सिनेमा झाला, त्याच दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर माती खांदत होती. सुकडी खाऊन, पाठीशी मला बांधून. माती किती उकरली याचं मोजमाप संध्याकाळी मुकादम करायचा आणि मजुरी त्यावर ठरायची.

मोबाइलवर मी तिला तो प्रसंग दाखवला. ती चेहऱ्यांकडं पाहतच नव्हती, खड्ड्याकडं पाहत होती.

“ह्येच की ते,” ती म्हणाली. “तवाबी मी म्हनले व्हते, एवढूसं उकरून मानूस बुजतंय व्हय? कुत्रं बी काढंल की रात्रीतून. समद्या बाया हासल्या. साऱ्या माझ्यासंगं कामावर आल्त्या न्हवं का.”

पडद्याच्या त्या बाजूला वडील बसले होते. त्यांनी हे तिला कधी विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही.

“दोन गज म्हंजी किती रे?” तिनं विचारलं.

“सहा फूट.”

तिनं मोबाइल हातात घेतला आणि तो खड्डा पुन्हा लावायला सांगितला.