उकडीचा पाव

तांदळाच्या पिठात साधं पाणी घालून मळलेला गोळा दोन्ही हातांनी ताणला तर लगेच तुटतो. कणकेचा गोळा मात्र लांबत जातो. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि मळणी झाली की ती एकमेकांत गुंतून ग्लूटेनची चिवट जाळी तयार करतात. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो, म्हणून पाव फुगतो. तांदळात किंवा नाचणीत ही जाळी होतच नाही.

रायगडाच्या वाटेवरचं नाते गाव काय, किंवा महाड-पोलादपूरकडचं कुठलंही गाव काय, खाचरात भात आणि वरकस उतारावर नाचणी हेच इथलं पीक. त्यामुळे जाळीविना पीठ धरून ठेवायची युक्ती इथल्या चुलीवर कधीच बसलेली आहे. ती म्हणजे उकड. मिठाचं पाणी खळखळलं की त्यात पीठ पडतं, झाकण बसतं, वाफ मुरते. मग गरम उकड परातीत काढून, पाण्याचा हात घेत, तळहाताच्या मुळाशी रगडायची, एकही गुठळी उरेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तांदळातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांतला अमायलोज हा घटक बाहेर झिरपतो आणि पिठाला चिकी येते. प्रथिनाचं काम स्टार्च करू लागतो. या उकडीची थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवतात, तोही उगाच नाही: वरची बाजू ओली राहिली की चिरा पडत नाहीत. मग निखाऱ्यावर आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते, ती मिळत नाही, आणि पापुद्रा सुटतो.

सीलिअक आजार असलेल्यांना हे शास्त्र फार मोलाचं आहे. या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने 1940च्या दशकात गव्हाशी असलेला त्याचा संबंध दाखवून दिला. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. औषध नाही, पथ्य जन्मभराचं. मात्र शंका आली म्हणून आधीच गहू सोडू नये. तसं केलं तर रक्ततपासणीत आजार सापडेलच असं नाही. आधी तपासणी, मग पथ्य.

भाकरी आहेच, पण डब्यात सँडविच हवं म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला भाकरीवर गप्प बसवणं मला पटत नाही. उकडीचंच तत्त्व वापरून पाव जमतो. तांदळाचं 50 ग्रॅम पीठ 250 मिली पाण्यात शिजवून खळ करावी. ती कोमट झाली की तांदळाचं आणखी 150 ग्रॅम आणि नाचणीचं 100 ग्रॅम पीठ, दीड मोठा चमचा इसबगोल, चमचाभर यीस्ट, साखर, मीठ, दोन चमचे तेल आणि लागेल तसं अर्धी वाटी पाणी घालावं. इसबगोल पाणी शोषून जेलीसारखा होतो आणि बुडबुडे धरून ठेवतो. ग्लूटेनची उणीव सर्वांत जास्त तोच भरून काढतो. हे पीठ मळायचं नाही, चमच्याने ढवळून डब्यात ओतायचं. एकदाच फुगू द्यायचं, तेही दीडपट. दुप्पट होईपर्यंत वाट पाहिली तर भाजताना मध्येच बसतं. ओव्हनमध्ये 200 अंशांवर पाऊण तास पुरे. ओव्हन नसेल तर रिंग आणि शिटी काढलेला, आधी तापवलेला कुकर मंद आचेवर चालतो, वेळ थोडा जास्त लागतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये, कारण स्टार्च निवतानाच घट्ट होतो. गरम पाव आत चिकट लागतो.

जपानमध्ये 2017च्या सुमारास संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन, ग्लूटेन आणि डिंक-जेली काहीही न घालता, निव्वळ तांदळाच्या पिठाचा पाव फुगवून दाखवला. त्यांचं गमक दळण्यात होतं. स्टार्चचे कण न फुटलेलं पीठ घेतलं तर ते कण बुडबुड्यांभोवती बसून त्यांना फुटू देत नाहीत. कोरडा, कडक दाणा जोरात दळला की कण फुटतात. ओला, मऊ दाणा दळला की कमी फुटतात. मोदकाच्या पिठीसाठी आपल्याकडे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळतात. पावासाठी मात्र ते पूर्ण कडक होण्याआधी, जरा ओलसर असतानाच दळलेली पिठी मला सर्वांत योग्य वाटते.

सीलिअकच्या रुग्णासाठी खरी जोखीम मात्र गिरणीत आहे. ग्लूटेनमुक्त म्हणवण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला तर किलोभर तांदळाच्या पिठात 0.2 ग्रॅम, म्हणजे चिमटीएवढीही नाही इतकी कणीक मर्यादा गाठते. गव्हावर तांदूळ दळला की एवढी कणीक सहज मिसळते. म्हणून रुग्णाच्या घरी घरघंटी फक्त तांदूळ आणि नाचणीसाठी राखावी, नाहीतर गहू कधीच न दळलेलं जातं कामाला लावावं. परात, तवा, पाव भाजायचा डबाही वेगळा ठेवावा. आणि आमटीत हिंग टाकण्याआधी डबीवरचं वाचावं. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा असतो.