काच माशीला अडवायची, माणसाला नाही

नांदेड-देगलूर रस्त्यावरील आमच्या नायगावात गेल्या वर्षी आपल्या वस्तीतील आठ भगिनींनी मिळून खाद्यपदार्थांचे छोटेसे दुकान टाकले. शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे आणि शेंगदाण्याचे लाडू, शिवाय सकाळच्या वेळी सुशीला आणि धपाटे. भांडवल बचत गटाचे, जागा भाड्याची. त्रिशरण-पंचशील झाले, माता रमाईंच्या प्रतिमेला हार घातला आणि दुकान सुरू झाले. हिशेबाची वही आमच्याकडे आली. आम्ही पडलो कारकून माणूस. कुणी हाक मारली की वही-पेन घेऊन हजर. त्या वहीबरोबर आणखी एक काम गळ्यात पडले, ते म्हणजे काउंटरवरची शोकेस करून घेण्याचे.

वाचकहो, काचेच्या पेटीवर लेख कशाला, असे आपणास वाटेल. आम्हालाही ते अर्ध्या दिवसाचे काम वाटले होते. पण ती पेटी आम्हाला दोनदा करावी लागली. पहिली पेटी मोडकी नव्हती, काचही चांगली होती. तरी ती का बदलावी लागली, तेच येथे सांगायचे आहे.

पेटीची गरज कुणालाही पटेल अशीच होती. दुकान रस्त्याला लागून, दिवसभर ट्रक-ट्रॅक्टरची वर्दळ. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात माशा. परातीवर फडके टाकले तर माल दिसत नाही. काढले तर माशा बसतात. कायदाही आहेच. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याचे नियम २०११ पासून लागू झाले. लहानातल्या लहान विक्रेत्याने नोंदणी करावी आणि उघडे अन्न झाकून ठेवावे, हे त्यात आले. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी तर वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यासही मनाई केली, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. (आपल्या साप्ताहिकाचे जुने अंक पुड्या बांधायला देणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. वाचून ठेवून द्यावेत, हे बरे.)

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यातील पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे कष्टाने व कौशल्याने मिळवणे, आणि दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे मिळवलेले जपणे. जपायचे कुणापासून, तर राजा, चोर, आग, पाणी यांपासून. या यादीत माशी आणि मुंगी आम्ही आपल्या जबाबदारीवर वाढवतो. कारण आठ भगिनींचे एका दिवसाचे उट्ठान, म्हणजे दोन परात लाडू, मुंग्या एका रात्रीत वाया घालवू शकतात. तसे एकदा झालेही.

तर पहिली पेटी. आम्ही शहरातल्या मिठाईच्या दुकानांसारखी उंच व भरदार शोकेस डोळ्यांपुढे ठेवली. काउंटरचे टेबल तीन फूट उंच, त्यावर दोन फुटांची काचेची पेटी. म्हणजे जमिनीपासून पाच फूट. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचच काच. काचवाल्याने काम नीटनेटके केले. भगिनींनी ताटे मांडली, बाहेरून पाहिले तर दुकान झकास दिसत होते. आम्ही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्याच दिवशी वस्तीतील एक आजी नातवाला घेऊन आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या. दहा रुपयांचा चिवडा मागितला. दुकानावरच्या ताईंनी पुडी बांधली आणि द्यायला गेल्या, तर हात पोहोचेना. आडव्या काचेमुळे समोरून देता येईना, म्हणून टाचा उंचावून त्यांनी पेटीवरून हात काढला आणि पुडी वरून सोडली. आजींनी पदर पसरून ती झेलली. मग पदराकडे बघत म्हणाल्या, "आमाला असंच वरून टाकायचे गं माय. तुमी बी तसंच टाकायलाव का?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही बाजूला वही घेऊन बसलो होतो, आमची मान खाली गेली. एवढी मापे घेतली, पण देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या हातापर्यंत कसा जाईल, हे माप कुणीच घेतले नव्हते.

आजी मग बसल्या आणि बोलल्या. त्यांच्या लहानपणी दुकानाच्या पायरीवर चढायचे नाही. पैसे खाली ठेवायचे. दुकानदार पाणी शिंपडून ते उचलणार. मीठ-गूळ वरून पदरात पडणार, पडताना सांडले तर आपलेच. हॉटेलात चहाचा कप वेगळा, बहुधा कान तुटलेला, बाहेर ठेवलेला. पिऊन आपणच विसळून ठेवायचा. नव्या पिढीतील मुलांना ही गोष्ट वाटते. पण १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी आमच्या मराठवाड्यात गावेच्या गावे आपल्या माणसांना पीठ-मीठ देईनाशी झाली होती. हुतात्मा पोचीराम कांबळे याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे. दुकान म्हणजे काय आणि दुकान बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी तर या 'दुकान' शब्दाचा अर्थ घटना समितीतच सांगून ठेवला आहे. आजच्या राज्यघटनेचे कलम १५ तेव्हा मसुद्यात कलम ९ होते. त्यात दुकाने, उपाहारगृहे यांच्या प्रवेशाचा हक्क आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा, की दुकान म्हणजे जेथे मालक येणाऱ्या कुणालाही आपली सेवा देण्यास तयार असतो अशी कोणतीही जागा. मग ते धोब्याचे असो वा न्हाव्याचे. आणि हा शब्द केवळ आत पाऊल ठेवण्याच्या मर्यादित अर्थाने घातलेला नाही, तर अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने घातला आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, दुकानात प्रवेश नाकारणे आणि हॉटेलातील सर्वांसाठीची भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला.

आत येऊ देणे वेगळे आणि सेवा देणे वेगळे, हा बारकावा अमेरिकेतील निग्रो बांधवांनाही भोगावा लागला. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे वूलवर्थ नावाचे मोठे दुकान होते. त्यात काळ्या माणसाला वस्तू विकत मिळत. त्याचे पैसे चालत. पण त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर त्याला बसू देत नसत. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग शेकड्यांनी आले, आणि हे लोण शहराशहरांत पसरले. २५ जुलै १९६० रोजी त्या काउंटरवर काळ्या माणसांना खाणे वाढले गेले. त्या काउंटरचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन करून ठेवला आहे. योगायोग असा, की त्याच अमेरिकेत १९५९ साली, म्हणजे वर्षभर आधी, जॉनी गार्नो नावाच्या हॉटेलवाल्याने मांडलेल्या अन्नावर ग्राहकाची शिंक पडू नये म्हणून काचेचे आच्छादन असलेल्या टेबलाचे पेटंट घेतले होते. एकाने काच लावली ती शिंकेसाठी. चौघांना जी नडली ती डोळ्यांना दिसतही नव्हती.

आता दुसऱ्या पेटीकडे वळू. ही मापे आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण आपले अनेक गट या व्यवसायात उतरत आहेत.

टेबल तीन फुटांवरून अडीच फुटांवर आणले, पेटी दोन फुटांऐवजी दीड फूट उंच केली. एकूण चार फूट. पेटीची लांबी तीन फूट, खोली सव्वा फूट. आणि मुख्य बदल हा, की काच टेबलभर लावली नाही. उजव्या बाजूला दीड फूट फळी पूर्ण मोकळी सोडली. तेथे काच नाही, जाळी नाही, बरणीसुद्धा ठेवायची नाही. देणे-घेणे तेथूनच, हातातून हातात. माल काढायच्या सरकत्या काचा विकणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकाचा हात वा श्वास मालाला लागत नाही. शाळेतले लेकरूही समोरच्या काचेतून लाडू पाहू शकते आणि फळीवर हात पुरवून पैसे देऊ शकते.

काच पाच एम.एम. घेतली. समोरची काच टफन घेतली, कारण लेकरे त्यावर टेकतात, दप्तर आपटतात. टफन काच फुटली तरी तिचे बोथट दाणे होतात, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. मात्र ही काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. म्हणून माप आधीच दोनदा तपासावे. आमच्या काचवाल्याने पहिल्या खेपेला अर्धा इंच चुकवले आणि ती काच तशीच पडून राहिली. वजनाचाही हिशेब करावा. एक चौरस मीटर काच दर एम.एम. जाडीला अडीच किलो भरते. आमच्या पेटीला सुमारे वीस चौरस फूट काच लागली, म्हणजे नुसती काचच तेवीस किलोच्या घरात. डुगडुगते टेबल चालणार नाही. काचेऐवजी अॅक्रिलिक हलके आणि स्वस्त पडेल असे कुणी सुचवले होते. पण त्यावर पुसता पुसता ओरखडे पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत माल धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो. दर आम्ही लिहीत नाही. ते गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात.

उन्हाचे मात्र आम्हाला पुरेसे सुचले नव्हते. दुकानाचे तोंड पश्चिमेला. काच ऊन आत घेते आणि उष्णता बाहेर सोडत नाही. आमच्याकडील एप्रिल-मेचे ऊन आपण जाणताच. दुपारी तीन वाजता बेसनाचे लाडू बसले, तूप ताटात उतरले. मग समोर ताडपत्रीची कनात लावली आणि पेटीच्या मागच्या बाजूस खाली व वर हाताच्या रुंदीच्या दोन पट्ट्या काचेऐवजी स्टीलच्या बारीक जाळीच्या केल्या. खालून हवा शिरते, तापून वरून निघते. माशी शिरत नाही. आत उजेडासाठी जुना पिवळा बल्ब नको, तो दिव्यापेक्षा शेगडीच जास्त. लहान एल.ई.डी. पट्टी पुरते.

मुंग्यांसाठी पेटीला चार पाय लावून ते पाण्याच्या वाट्यांत ठेवले. ही युक्ती आपल्या आया-आज्यांची, दुधाच्या पातेल्याखाली त्या पाण्याची परात ठेवत. सरकत्या काचेच्या पट्टीत शेवेचा चुरा साठतो आणि तेथे झुरळे येतात, म्हणून ती पट्टी रोज रात्री ब्रशने झाडावी लागते. हे काम पाळीपाळीने, वहीत सही करून.

पेटी झाली, आणि खरा वाद त्यानंतर निघाला. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी कुठे लावायच्या? आपल्याच समाजातील, चांगल्या नोकरीत असलेले एक हितचिंतक म्हणाले, "ताई, प्रतिमा मनात असावी. दुकानात आतल्या बाजूला लावा, बाहेरून दिसायला नको. गावात सगळ्या प्रकारचे लोक आहेत, धंदा बसेल." ते वाईट हेतूने बोलले नव्हते. लोक शेव-लाडू घेताना करणाऱ्याचे आडनाव विचारतात, हे खरे आहे, थेट नाही विचारले तर "कोणत्या गल्लीतल्या तुम्ही?" असे विचारतात. आम्ही स्वतः हिशेबाच्या बाजूने विचार करून त्या दिवशी गप्प राहिलो, हे कबूल करतो.

भगिनींनी रात्री बैठक घेतली. दोघी हितचिंतकांच्या बाजूच्या होत्या. कर्ज त्यांच्याही नावावर आहे, त्यांना भित्र्या म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. पण गटातील सर्वांत धाकटी म्हणाली, "माल दिसावा म्हणून काच लावली ना आपण? मग आपणच झाकून कशाला बसायचं?" तसबिरी मागच्या भिंतीवर, पेटीच्या बरोबर वर, रस्त्यावरून दिसतील अशा लागल्या.

पहिल्या महिन्यात माल उरला, तो वहीत आहे. काही माणसे फळीपर्यंत आली, वर पाहिले आणि परत गेली. दुसऱ्या महिन्यात एस.टी.चे प्रवासी आणि शाळेतील मुले वाढली. त्यांना भुकेपुढे भिंत दिसत नाही. तिसऱ्या महिन्यापासून भाडे आणि हप्ता दुकानातूनच निघू लागला. मजुरी अजून पुरेशी सुटत नाही. रोज सकाळी एक गृहस्थ येतात, ते फक्त कंपनीचा बंद बिस्किटपुडा घेतात, घरचा लाडू कधीच नाही. ताई त्यांनाही पुडा हातातच देतात. बिस्किटावर सुटते फार थोडे, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

आजी दर सोमवारी चिवडा नेतात. ज्या गटांना अशी पेटी करायची असेल, त्यांनी दुपारी एक ते तीन सोडून केव्हाही यावे आणि दोरी लावून माप घेऊन जावे. जाळीच्या पट्ट्या तुम्ही आमच्यापेक्षा बोटभर रुंद करा. मे महिन्यात आमच्या थोड्या कमी पडल्या.