आयुमी काइहोरी

आयुमी काइहोरी (जन्म: ४ सप्टेंबर १९८६, नागाओकाक्यो, क्योटो प्रांत, जपान) या जपानच्या निवृत्त महिला फुटबॉलपटू आहेत. त्या गोलरक्षक म्हणून खेळत. २०११ च्या महिला विश्वचषक स्पर्धेत विजेत्या ठरलेल्या जपानी संघाच्या त्या प्रमुख गोलरक्षक होत्या. राष्ट्रीय संघाकडून त्या ५३ सामने खेळल्या.

क्लब कारकीर्द

काइहोरी यांनी ताकात्सुकी येथील स्पेरान्झा या क्लबातून कारकिर्दीस प्रारंभ केला. २००८ मध्ये त्या आयएनएसी या क्लबात दाखल झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या. कोबे शहराच्या या क्लबाने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे जपानी महिला लीगचे विजेतेपद मिळवले.

२०११ चा विश्वचषक

काइहोरी यांनी राष्ट्रीय संघात २००८ मध्ये पदार्पण केले. जर्मनीतील विश्वचषक स्पर्धेपूर्वी चारच महिने जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला होता. त्यामुळे या संघाच्या वाटचालीकडे सारा देश डोळे लावून होता. उपांत्यपूर्व फेरीत जपानने यजमान जर्मनीला १-० असे नमवले. १७ जुलै रोजी फ्रँकफर्ट येथे अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेनंतरही २-२ असा बरोबरीत राहिला व निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला.

पेनल्टी ११ मीटर अंतरावरून मारली जाते. चेंडू पाहून मग झेप घेण्याइतका अवधी गोलरक्षकाला क्वचितच मिळतो. त्यामुळे दिशेचा अंदाज आधीच बांधावा लागतो. शॅनन बॉक्स यांचा पहिलाच फटका काइहोरी यांनी झेप घेताना मागे राहिलेल्या पायाने अडवला. दुसरा फटका कार्ली लॉइड यांनी गोलपट्टीवरून बाहेर मारला. टोबिन हीथ यांचा तिसरा फटकाही काइहोरी यांनी अडवला. जपानने शूटआउट ३-१ असे जिंकले. फुटबॉलचा वरिष्ठ गटातील विश्वचषक आशियाई देशाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

२०१२ ते २०१५

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानने रौप्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत मिहो फुकुमोतो या प्रमुख गोलरक्षक होत्या. संघातील इतर जागांवर सामन्यात बदली खेळाडूंना संधी मिळते; गोलरक्षकाची जागा मात्र एकच असल्याने दुसऱ्या गोलरक्षकाला बहुधा बाहेरच थांबावे लागते.

२०१५ च्या कॅनडातील विश्वचषकात प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी साखळीतील तीन सामन्यांत तीन वेगवेगळ्या गोलरक्षकांना खेळवले. बाद फेरीसाठी त्यांनी काइहोरी यांची निवड केली. नेदरलँड्सविरुद्ध अखेरच्या क्षणी चेंडू त्यांच्या हातून निसटून गोल झाला, तरी जपानने तो सामना २-१ असा जिंकला. व्हँकुव्हर येथील अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकेशी गाठ पडली. पहिल्या १६ मिनिटांतच अमेरिकेने चार गोल केले. त्यांपैकी तीन लॉइड यांचे होते. तिसरा त्यांनी मैदानाच्या मध्यरेषेजवळून मारला. पुढे आलेल्या काइहोरी मागे धावल्या, चेंडूला त्यांचा हातही लागला. परंतु तो खांबाला लागून जाळ्यात गेला. जपान हा सामना ५-२ असा हरला.

या दोन सामन्यांमुळे एकाच खेळाडूच्या नावावर विश्वविजेतेपद आणि उपविजेतेपद दोन्ही नोंदले गेले. गोलरक्षकाने अडवलेले फटके धावफलकावर दिसत नाहीत, झालेले गोल मात्र दिसतात. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप केवळ एका सामन्यावरून करता येत नाही.

निवृत्ती

२०१५ च्या हंगामानंतर, वयाच्या २९ व्या वर्षी काइहोरी यांनी निवृत्ती स्वीकारली.