रूममेट गेली, एवढंच घरी कळलं

शिरिनचं प्रेम मोडलं आहे आणि घरी कोणापाशी रडायची सोय नाही, कारण ते प्रेम होतं हेच घरी ठाऊक नाही. आईवडिलांच्या लेखी मॅक्सिन ही भाडं वाटून घेणारी रूममेट. एक गेली, दुसरी मिळेल, त्यात एवढं काय? डेझिरे अखवान या इराणी-अमेरिकी दिग्दर्शिकेचा ‘अप्रोप्रिएट बिहेवियर’ हा पहिला चित्रपट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात या कोंडीपासून सुरू होतो. २०१४च्या जानेवारीत तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. लेखन अखवानचं, दिग्दर्शन तिचं आणि शिरिनही तीच.

शिरिन बायसेक्शुअल आहे. तिला स्त्रियांची ओढ वाटते, तशी पुरुषांचीही वाटते. मॅक्सिनवर तिनं जीव टाकला तो खरा आणि त्याआधी पुरुष आवडले तेही खरं. पण हे दोन्ही एकाच वेळी खरं मानायला भोवतालचं कुणी तयार नसतं. नातेवाइकांचा हिशेब सरळ असतो. पुरुष आवडतात ना, मग चांगला मुलगा बघून लग्न कर आणि बाकीचं विसरून जा. ज्यांच्याकडून आधार मिळावा त्या समलिंगी मैत्रिणींच्या मनातही शंका असते, की ही आज आपल्यात आहे, उद्या सोयीचा रस्ता धरील. मॅक्सिनलाही आपण शिरिनच्या आयुष्यातला तात्पुरता टप्पा तर नाही ना, हा संशय पोखरत राहतो. तिची तक्रार एकच आणि ती पुन्हा पुन्हा येते: घरी का सांगत नाहीस?

ही तक्रार अमेरिकेत स्वाभाविक वाटते. तिथल्या समलिंगी चळवळीनं घरी, कचेरीत, चारचौघांत आपली ओळख उघड सांगण्याला मोठं मोल दिलं आणि त्यातूनच कायदे बदलले. त्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तीच फूटपट्टी शिरिनच्या घराला लावली की काहीतरी फार महत्त्वाचं निसटतं.

१९७९ च्या क्रांतीनंतर लाखो इराणी माणसं देश सोडून गेली. मागे घरं राहिली, आजी-आजोबा राहिले, बागा आणि कबरी राहिल्या. त्याच वर्षी तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत ओलीस धरलेली माणसं ४४४ दिवस अडकून पडली आणि अमेरिकेत ‘इराणी’ म्हणवून घेणं जड झालं. कितीतरी कुटुंबं स्वतःला ‘पर्शियन’ म्हणवू लागली. अशा स्थितीत उरला तो आपल्या माणसांचा गोतावळा. नौरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, ‘हफ्त-सीन’ हा सात वस्तूंचा थाट मांडायला, फारसीत बोलायला, मुलांची लग्नं जुळवायला तोच. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात फारसी पाट्यांची दुकानं उभी राहिली ती याच गरजेतून. मुलगा डॉक्टर होणं आणि मुलगी चारचौघांत शोभणं, हा गमावलेल्या देशाचा परतावा ठरला. या घरांत अब्रू एकट्याची नसते, ती सगळ्यांची मिळून असते. बोलताना समोरच्याचा मान राखणं, अवघड गोष्ट थेट न उच्चारणं, पाहुण्यानं तीनदा नाही म्हणणं आणि यजमानानं चौथ्यांदा आग्रह करणं, या ‘तारोफ’च्या रीतीत लहानाची मोठी झालेली मुलगी आईसमोर बसून एका वाक्यात आपलं गुपित सांगेल, ही अपेक्षाच मुळात परक्या घरातली आहे. शिरिनचं गप्प राहणं भित्रेपणाचं आहेच, चित्रपट ते लपवत नाही. पण त्या गप्पपणात आईवडिलांविषयीची मायाही आहे. मॅक्सिनला फक्त भित्रेपणा दिसतो आणि नातं तिथे तुटतं.

शिरिन शेवटी आईला सांगते, अगदी चाचरत. आई ते मानायलाच तयार होत नाही. गळामिठी नाही, हाकलून देणंही नाही. इतका प्रामाणिक प्रसंग या विषयावरच्या चित्रपटांत मी फार कमी पाहिला आहे. बहुतेक घरांत असंच होतं. वाक्य हवेत राहतं आणि जेवणाची वेळ होते.

खुद्द इराणात मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथल्या २०१३च्या इस्लामी दंडसंहितेत दोन स्त्रियांच्या शरीरसंबंधाला ‘मुसाहेका’ म्हटलं आहे आणि त्याला शंभर फटक्यांची शिक्षा आहे. तीनदा शिक्षा होऊन चौथ्यांदा गुन्हा शाबीत झाला तर मृत्युदंड. पुरुषांसाठीचे कायदे याहून कडक आहेत. दुसरीकडे, क्रांतीचे नेते अयातोल्ला खोमेनींनी १९८० च्या दशकात दिलेल्या फतव्यामुळे लिंगबदल शस्त्रक्रियेला तिथे धार्मिक मान्यता आहे. म्हणजे पुरुषाच्या देहात अडकलेली स्त्री किंवा स्त्रीच्या देहात अडकलेला पुरुष हा सरकारला समजतो, त्यावर इलाजही आहे. पण जिला आपला देह बदलायचा नाही आणि जी कधी स्त्रीवर, कधी पुरुषावर प्रेम करते, तिच्यासाठी त्या व्यवस्थेत कागदावर रकानाच नाही. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी २००७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, तुमच्याकडे असतात तशी समलिंगी माणसं आमच्या देशात नाहीत, अशा अर्थाचं विधान केलं तेव्हा सभागृह हसलं होतं. त्या हसण्यानं इराणातल्या मुलींचं काहीच हलकं झालं नाही.

समलिंगी ओढ हे पश्चिमेकडून आलेलं फॅड आहे, हा दावा इराणातही होतो. इतिहासकार अफसाने नजमाबादी यांचं संशोधन तो उलटा करून दाखवतं. त्यांच्या मांडणीनुसार कजार घराण्याच्या काळातल्या इराणात सौंदर्य आणि ओढ यांची विभागणी आजच्यासारखी स्त्री-पुरुष अशी काटेकोर नव्हती. युरोपीय नजरेला आपण मागास दिसू नये, म्हणून एकोणिसाव्या शतकात पुष्कळ काही झाकलं गेलं. बायकांमध्ये एकमेकींना बहीण मानण्याचे विधी होते. ती नाती सगळी शारीरिक होती असं कुणी म्हणू नये. पण दोन बायकांच्या जवळिकीला समाजात एक उघड, मानाची जागा होती, एवढं नक्की.

तेहरानमधल्या, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोन मुलींची गोष्ट दिग्दर्शिका मरियम केशावार्झ हिनं ‘सर्कमस्टन्स’ (२०११) या चित्रपटात सांगितली. इराणात असं चित्रीकरण अशक्य होतं, म्हणून ते लेबनॉनमध्ये झालं. मला मात्र तिचा पुढचा ‘द पर्शियन व्हर्जन’ (२०२३) अधिक मोलाचा वाटतो. त्यातली लैला अमेरिकेत वाढलेली, आठ भावांत एकटी बहीण. बायकोशी घटस्फोट झालेला आणि त्या दुःखातून सावरत असतानाच एका पुरुषापासून दिवस गेलेले. आईनं तिचं स्त्रीशी असलेलं नातं कधी स्वीकारलं नाही. हे वाचताना आई खलनायिका वाटेल. पण चित्रपट अर्ध्यावर आला की कथेची सूत्रं आईच्या हाती जातात. कोवळ्या वयातलं लग्न, दूरच्या खेड्यातला संसार, तिथे सोसलेला विश्वासघात, त्यानंतर देश सोडणं, आणि अमेरिकेत मोठेपणी शाळेची परीक्षा देऊन घरं विकण्याच्या व्यवसायात उभं राहणं. मुलीपासून तिनंही आयुष्यभर काहीतरी दडवलं आहे. आपल्या मनात काय चाललंय ते सांगायचं नसतं, हे लैलाला कुणी शिकवलं, याचं उत्तर तिथे मिळतं. एका घरात दोन बायका आपापलं गुपित धरून बसलेल्या असतात आणि दोघींना वाटतं, समोरचीला आपण कळणारच नाही.

अखवाननं पुढे २०१८ साली ‘द बायसेक्शुअल’ ही सहा भागांची मालिका केली, तीही या प्रश्नाची उलटी बाजू धरून. लंडनमध्ये राहणारी नायिका दहा वर्षं सोबत असलेल्या स्त्री-जोडीदारापासून दूर होते, पुरुषांसोबत फिरू लागते आणि हे समलिंगी मैत्रिणींपासून लपवते. शिरिन आईला घाबरत होती, ही मैत्रिणींना घाबरते. मला ही मालिका धाडसाची वाटते, कारण बायसेक्शुअल व्यक्तीवरचा अविश्वास फक्त सनातनी घरात असतो, या सोयीच्या समजुतीला ती धक्का देते.

मॅक्सिनची बाजू मला कळते. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी घरात ‘रूममेट’ म्हणून वावरणं अपमानाचं आहे आणि तो अपमान सोसत राहा, असं कुणी कुणाला सांगू नये. तरीही प्रेमाचा पुरावा म्हणून तिनं आईसमोरची कबुली मागितली, हे चुकलं. घरी सांगणं हा शिरिनचा निर्णय होता, वेळही तिचीच होती.

हे चित्रपट मिळाले तर जरूर पाहा, शक्यतो घरातल्या मोठ्या माणसांसोबत. आणि तुमच्या घरातली एखादी मुलगी रूममेट सोडून गेल्यावर कित्येक दिवस धड जेवत नसेल, तर आता भाडं कसं भरणार, असं विचारू नका. ती कशी आहे, ते विचारा आणि तिनं अर्धवट सांगितलं तर तेवढंच ऐकून घ्या.