डोंगर जिथे नरमला, तिथे तट

रायगडाचा तट बघायचा म्हणून गडाला फेरी मारायला निघालात, तर बराच वेळ हाती काही लागत नाही. स्वराज्याची राजधानी म्हणजे चहूकडून चिरेबंदी भिंत असणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात लांबलचक तटबंदी दिसते ती एकाच अंगाला, हिरकणी टोकापासून महादरवाजावरून टकमक टोकापर्यंत. बाकीच्या घेरात बहुतेक ठिकाणी नुसता कडा. तिथे भिंत घालणे म्हणजे विहिरीच्या तळाशी पाणी शिंपडण्यासारखे झाले असते.

हा कडा कोणी बांधला? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचत सह्याद्रीचा दगड तयार झाला. पण सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, एकजीव. काही सच्छिद्र, लवकर झिजणारे. मऊ थर झिजून उतार होतो, घट्ट थर तुटून सरळ उभा कडा होतो. म्हणून आपल्याकडचे डोंगर उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा असे चढत जातात आणि माथ्यावर बऱ्याचदा सपाटी मिळते. किल्ला बांधायला आणखी काय हवे? अर्धे काम झालेलेच असते. उरलेले अर्धे म्हणजे डोंगर कुठे नरमला आहे ते ओळखणे, आणि खरी अक्कल तिथेच लागते.

१६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरीचा हा डोंगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. सभासद बखरीत महाराजांनी तो पाहिल्याचे वर्णन आहे. त्यात गडाच्या माथ्यावरच्या वाड्यांचे कौतुक नाही. कडे तासल्यासारखे आहेत, पावसाळ्यातही त्यांवर गवत उगवत नाही, दगड सगळा एकसंध आहे, असे ते निरीक्षण. गवत उगवत नाही म्हणजे बोट अडकवायला खाच नाही, धरायला मूळ नाही. दौलताबादही चांगला गड खरा, पण उंचीला थोडका, अशी तुलनाही तिथेच येते.

आता महादरवाजा. गडाच्या बांधकामाचे श्रेय हिरोजी इंदुलकरांना दिले जाते. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहे. पायऱ्यांनी धापा टाकत वर येता तेव्हा समोर दिसतात ते दोन बुरूज, एक सुमारे ७५ फूट उंच, दुसरा ६५. दरवाजा मात्र दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कुशीत वाट वळते आणि वळल्यावरच तो एकदम पुढ्यात येतो. याला गोमुखी रचना म्हणतात. थोडा वेळ शत्रूच्या जागी उभे राहून बघा. तोफ आणली तर नेम धरायला समोर सरळ रेषा नाही. हत्तीने धडक द्यायची तर त्याला धाव घ्यायला जागा नाही. मोठी फौज असली तरी वळणात मावतील तेवढीच माणसे पुढे येणार. आणि जी येतील त्यांच्या दोन्ही बाजूंना बुरूज, वर तट, तटात तिरप्या उतरत्या भोकांच्या जंग्या. आतल्या बंदुकवाल्याला खालची वाट दिसते; खालच्याला आतला माणूस दिसत नाही. एवढे करून दरवाजा फुटलाच, तर आत देवड्यांतले पहारेकरी ताज्या दमाचे. मला यातली सगळ्यात भेदक गोष्ट वाटते ती हल्लेखोराचा दम. त्याला हजार-दीड हजार पायऱ्यांएवढा चढ चढवून, घामाघूम करून मगच लढायला लावायचे!

हिरकणीची गोष्ट इथे आठवतेच. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेली गवळण, आणि नंतर त्याच जागी बांधलेला बुरूज. ही लोककथा आहे. पण तिच्यातला विचार पक्का किल्लेदाराचा आहे: जिथून एक माणूस उतरू शकतो तिथून दुसरा चढू शकतो, तेव्हा ती जागा आजच बंद करा.

याच काळात, १६६७ पासून, फ्रान्समध्ये वोबाँ हा दुर्गरचनाकार लिल शहराचा पंचकोनी बालेकिल्ला बांधत होता. सपाट मुलखात उंच भिंती तोफांनी कोसळतात म्हणून तिकडे मातीचे बुटके जाड तट आणि चांदणीसारखे कोन आले. त्याला सगळी बिकट वाट हातांनी घडवावी लागली. आपल्याकडे ती आयती होती. जावळीचे रान, पोलादपूरवरून वर चढणारे घाट, मंगळगड, चंद्रगड, समोरचा लिंगाणा हे सगळे रायगडाचे बाहेरचे तटच म्हणायचे. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भल्यामोठ्या फौजेला प्रतापगडाखालच्या रानात आपला आकार कामी आला नाही.

मग रायगड पडला कसा? १६८९ मध्ये मोगलांचा वेढा मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत चालला आणि गड वाटाघाटींनी गेला. राजाराम महाराज वेढ्यातून निसटले, वाघ दरवाजाने असे सांगतात. १८१८ ची गोष्ट वेगळी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी लिहिले, त्यात एक इशारा आहे: किल्ल्याजवळ दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून तो खाली आणावा, नाहीतर तोही बांधून घ्यावा. रायगडाशेजारी पोटल्याचा डोंगर आहे. तिथून इंग्रजांनी तोफा डागल्या. गोळे कड्याला न भिडता वरून गडावर पडले, वाड्यांना आग लागली आणि १० मे १८१८ रोजी गड शरण गेला. महादरवाजाच्या रचनेत काही खोट नव्हती; तोफांनी तिला गाठलेच नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आणि प्रतापगड दोन्ही आहेत. आता गर्दी वाढेल. महाडहून रायगड सुमारे २५ किलोमीटर. रोपवेने वर गेलात तर महादरवाजा वाटेत लागतच नाही. गुडघे दुखत असतील तर खुशाल रोपवेने चढा. पण जमत असेल तर निदान उतरताना पायऱ्यांनी या, आणि दरवाजाबाहेर पडल्यावर चार पावले खाली जाऊन मागे वळून बघा, दरवाजा दिसतो का ते.