वेल्डरच्या हातात काच आहे, शेजारी उभ्या असलेल्याचं काय?

धुळे : पेरणीच्या तोंडावर तालुक्यातल्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहून पाहा. कुणाच्या वखराची पास तुटलेली असते, कुणाच्या ट्रॉलीचा हूक निघालेला असतो, कुणाला नव्या घराच्या गेटची घाई असते. वेल्डर हातातली शील्ड चेहऱ्यापुढे धरतो आणि रॉड टेकवतो. त्याच्यासमोर पट्टी धरून बसलेला हेल्पर मान वळवून डोळे मिटतो. काम घेऊन आलेला शेतकरी दोन हातांवरून ‘नीट बसलं का’ म्हणून बघत राहतो. रस्त्यावरून शाळेची पोरं जातात, तीही थबकतात. एवढ्या माणसांत काळी काच एकाकडेच असते.

त्रास सुरू होतो तो रात्री. जेवून अंग टाकलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी गळतं, दिवा सहन होत नाही. दुकानात त्याला ‘डोळ्याला वेल्डिंग लागली’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत काहीच जाणवलेलं नसतं, त्यामुळे हेल्परला पुष्कळदा दुपारच्या कामाशी त्याचा संबंधही लागत नाही.

हा उशीर का होतो, ते समजून घेण्यासारखं आहे. वेल्डिंगच्या आर्कमधून डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाबरोबर अतिनील किरणंही निघतात. उजेड डोळ्यांना खटकतो, म्हणून आपण पापणी मिटतो. अतिनील किरण मात्र दिसतही नाहीत आणि त्या क्षणी टोचतही नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा ते शोषून घेतो आणि त्याच्या वरच्या थरातल्या पेशी मरतात. सहा ते बारा तासांनी त्या गळू लागतात, खालच्या नसा उघड्या पडतात आणि खुपणं सुरू होतं. उन्हानं कातडी भाजते, तसाच हा डोळा भाजण्याचा प्रकार. जवळून काही सेकंदांचा उघडा आर्कही त्याला पुरतो, आणि दिवसभर थोडा थोडा बसलेला मार एकत्र जमा होतो.

आर्ककडे थेट पाहिलं नाही म्हणून डोळा वाचला, असंही नाही. चकचकीत पत्रा, ॲल्युमिनियम, गुळगुळीत भिंत यांवरून किरण परततात आणि शील्डच्या मागूनसुद्धा डोळ्यांत शिरतात. धुराचं गणित तर उलटंच आहे. मिग वेल्डिंगमध्ये धूर कमी दिसतो, म्हणून ते ‘साफ’ वाटतं. प्रत्यक्षात धूर कमी असल्यामुळे किरण अडत नाहीत. ॲल्युमिनियमवर आर्गॉन वायू वापरून काम चालतं तेव्हा अतिनील मारा खास जोरदार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधून निघणारे अतिनील किरण, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातले.

वेल्डिंगचा पडदा असतो तो शेजाऱ्यासाठी. कारखान्यात लाल, नारिंगी किंवा गडद हिरव्या रंगाचे अर्धपारदर्शक पडदे टांगलेले दिसतात, ते हेच. पीव्हीसीच्या या पडद्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. पलीकडे माणूस आहे की नाही तेवढं त्यातून दिसतं, म्हणून कुणी अडखळून पडलं किंवा आग लागली तर लगेच लक्षात येतं. अशा पडद्यांसाठी आयएसओ २५९८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विकत घेताना दुकानदाराला त्याबद्दल विचारावं. निव्वळ रंग लाल आहे म्हणून पडदा वेल्डिंगचा ठरत नाही.

दोन गैरसमज मात्र हमखास आढळतात. पडदा लावला म्हणजे वेल्डरला शील्ड नको, हा पहिला. आर्कपासून मीटरभर तरी अंतर ठेवून, बाजूने जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी हा पडदा असतो. त्याला नाक लावून आर्क बघायचा नसतो. दुसरा गैरसमज, पडदा जळतच नाही. तो सहज पेट घेत नाही, एवढंच. गॅस कटरच्या ठिणग्यांचा झोत सतत पडत राहिला तर त्याला भोकं पडतात. तिथे फायबरग्लासचं जाड कापड लागतं.

ताडपत्री, सिमेंटची रिकामी पोती, जुनी साडी यांचा आडोसा अनेक दुकानांत दिसतो. ठिणगी पडली की तो पेटतो, म्हणजे डोळे वाचवायला गेलं आणि दुकान पेटलं. हिरव्या शेडनेटला तर नुसती छिद्रंच असतात. तयार पडदा परवडत नसेल तर दुकानातच उपाय आहे. अँगलची चौकट करून तिला साधा पत्रा ठोकावा, खाली दोन चाकं लावावीत. सहा फूट उंचीचा असा आडोसा काम असेल तिथे ढकलत नेता येतो. पत्र्यामधून किरण जात नाहीत. फक्त आतल्या बाजूला चमक ठेवू नये, चकाकी नसलेला मंद रंग द्यावा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग अतिनील किरण शोषतो, भिंतींनाही तोच बरा. वेल्डिंगवाल्याला चौकट बनवायला शिकवावं लागत नाही.

आता धुळ्याच्या हवेचा प्रश्न. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, इथला वारा तसाच आहे. उघड्यावर मिग वेल्डिंग करताना हाच वारा संरक्षक वायू उडवून नेतो आणि जोड भोकाभोकांचा, कच्चा होतो. वाऱ्याच्या बाजूला पडदा असला तर जोड सुधारतो. मालकाला डोळ्यांपेक्षा हे कारण लवकर पटेल, तर तेही चालेल. पडदा मात्र वर पाइपात कड्यांनी टांगून खाली साखळीचं वजन लावावं, नाहीतर पहिल्याच वावटळीत तो आर्कवर येऊन पडेल.

मे महिन्यातल्या उन्हात चारही बाजू बंद करून वेल्डरला आत कोंडणं हाही उपाय नव्हे. धूर आणि उष्णता दोन्ही आत साठतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात पडदा जमिनीपासून सुमारे दोन फूट वर ठेवावा असं सुचवलं आहे, म्हणजे खालून हवा खेळते. काम जमिनीवर बसून चालत असेल, आणि आपल्याकडे ते तसंच चालतं, तर पडदा खाली घ्यावा लागतो. मग वरची बाजू आणि एक कड मोकळी ठेवावी, पण त्या कडेला रस्ता किंवा गिऱ्हाइकाचं बाकडं नको.

कायद्याने हा शेजारी फार पूर्वीच ओळखला होता. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये डोळ्यांना अतिप्रखर उजेडाचा धोका असलेल्या कामात ‘परिणामकारक पडदे किंवा योग्य चष्मे’ यांची तरतूद होती. ती काम करणाऱ्यांसाठी होती, तशीच त्या कामाच्या अगदी जवळ असणाऱ्यांसाठीही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा जास्त कामगारांची जागा. अवधान किंवा नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतली मोठी युनिट त्यात बसतात. गावातल्या फाट्यावरचं तीन माणसांचं ग्रिलचं दुकान कारखान्याच्या या व्याख्येत बसत नाही. तिथे हेल्परच्या डोळ्यांची काळजी दुकानदाराने घेतली तरच घेतली जाते.

पडदा येईपर्यंत एक फुकटची सवय लावता येते. रॉड टेकवण्याआधी वेल्डरने मोठ्याने ‘डोळे!’ म्हणायचं आणि क्षणभर थांबायचं. पट्टी धरणाऱ्या हेल्परला मात्र सवय पुरणार नाही आणि पडदाही कामाचा नाही, कारण तो पडद्याच्या आतच असतो. त्याला वेगळी शील्ड आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट द्यावाच लागेल.

रात्री डोळे खुपायला लागलेच, तर चोळू नयेत. अंधारात पडून राहावं, मिटलेल्या पापण्यांवर थंड ओला स्वच्छ कपडा ठेवावा. बटाट्याच्या चकत्या, बाळंतिणीचं दूध, गुलाबपाणी यांतलं काही डोळ्यांत घालू नये, जंतुसंसर्ग होऊ शकतो. मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून घालणं सर्वांत वाईट. ठणका थांबतो, पण ते पुन्हा पुन्हा घातल्याने जखम भरत नाही आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. आर्कचा मार साधारण एक-दोन दिवसांत उतरतो आणि बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना असतो. एकाच डोळ्यात टोचत असेल तर ग्राइंडरचा कण रुतल्याची शंका घ्यावी. तेव्हा, किंवा दोन दिवसांत आराम नसेल, नजर धूसर झाली असेल, तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा धुळ्यात चक्करबर्डीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळे दाखवावेत, आणि वेल्डिंगजवळ उभे होतो हे डॉक्टरांना आधी सांगावं.